हिरवी तार कोठे जाते?

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला विद्या किती लागते, याविषयी दोन मते असू शकतील. सह्या किती कराव्या लागतात, याविषयी एकच मत आहे. दाखले, हजेरीपट, तांदूळ-डाळीचा हिशेब, खडूच्या खोक्यांची पोच, इमारत सुस्थितीत असल्याचा वार्षिक तक्ता, अशा नाना कागदांवर आम्ही वर्षानुवर्षे सही करीत आलो आणि ती करताना हात कधी अडखळला नाही. त्यांपैकी एका सहीची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवावयाची आहे. विषय रुक्ष आहे: विजेचे अर्थिंग. संतवाङ्मयावर पोसलेल्या माणसाने तारा-खिळ्यांच्या भानगडीत पडू नये, असे आम्हांलाही आजवर वाटत असे. परंतु प्रसंगच असा आला, की पडणे भाग झाले.

खासबाग हा बेळगावातील विणकरांचा भाग. शहापूर, वडगाव आणि खासबाग या परस्परांना लागून असलेल्या वस्त्यांत साडी विणणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पूर्वी हातमाग होते आणि विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत असे. पुढे पुष्कळ घरांत यंत्रमाग आले आणि घरातल्या बोलण्याची पट्टी आपोआप वर चढली. आमच्या शाळेतील कितीतरी मुले त्या खडखडाटात जेवतात, झोपतात आणि पाढेही पाठ करतात.

काही वर्षांपूर्वीचा जून महिना. मृगाचा पाऊस दोन दिवस एकसारखा लागला होता. दुपारच्या जेवणापूर्वी मुले अंगणातल्या नळावर हात धुण्यासाठी रांग लावतात. त्या रांगेतून चौथीतली एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, नळ चावतोय."

आम्ही हसलो. सांगावयास लाज वाटते, पण आमच्या मनात आले ते हे, की चेतनगुणोक्ती अलंकाराचे याहून सोपे उदाहरण मिळावयाचे नाही. "नळाला दात कुठं असतात गं?" असे म्हणून आम्ही तिला परत पाठविले. दुसऱ्या दिवशी दुसरीतला एक मुलगा आला; त्याचेही म्हणणे तेच आणि क्रियापदही तेच. तेव्हा मात्र आम्ही उठलो, नळाशी गेलो आणि त्याला हात लावून पाहिला. काही झाले नाही. मुलांना तसे सांगून वळणार, तोच स्वयंपाक करणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, "गुरुजी, पायातलं काढून बघा की."

आम्ही रबरी तळाचे बूट काढले, ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि हाताची मागची बाजू नळाला टेकविली. कोपरापर्यंत मुंग्यांची रांग धावत गेल्यासारखे वाटले. हे धाडस वाचकांनी करू नये. आम्हीही करावयास नको होते. त्याच पावली आम्ही आत जाऊन मेन स्विच खाली ओढला आणि वायरमनला बोलावणे धाडले.

आमचे वायरमन घरी कन्नड बोलतात आणि आमच्याशी मराठी. या सीमाभागात एकाच वस्तूच्या दोन नावांवरून दोन दोन तास वाद झालेले आम्ही ऐकले आहेत. 'अर्थिंग' या शब्दाची मात्र कमाल आहे. तो दोन्ही भाषांत तोच आहे, त्यावरून आजवर कोणी मोर्चा काढलेला नाही, आणि त्याची वास्तपुस्तही दोन्ही भाषांत सारखीच होत नाही. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'भूसंपर्कन' म्हणतात.

वायरमननी तासाभरात दोष शोधला. पाण्याच्या पंपाच्या मोटारीत ओल शिरून वीज तिच्या अंगावर उतरत होती. हा झाला पहिला दोष. पण त्यासाठीच तर अर्थिंग असते. ते कोठे आहे म्हणून त्यांनी बोर्डातून निघालेल्या हिरव्या तारेचा माग काढला. ती तार पुढे उघड्या जस्ती तारेला जोडलेली होती, ती भिंतीच्या कडेने मागे गेली होती आणि तेथे पाण्याच्या लोखंडी नळीला नीट आवळून बांधलेली होती. आमची इमारत जुनी. त्या काळी हे सर्रास करीत. पाण्याची लोखंडी नळी रस्त्याखालून गावभर पसरलेली असे. तिच्याइतका जमिनीशी सलगीचा दुसरा धातू कोठला?

परंतु मध्यंतरी रस्त्यापासून आमच्या भिंतीपर्यंतची नळी गंजली म्हणून बदलली होती आणि नवी नळी प्लास्टिकची आली होती. प्लास्टिकमधून पाणी येते, वीज जात नाही. नळ बसविणाऱ्याने आपले काम चोख केले होते. तार बांधणाऱ्यानेही, त्याच्या काळी, चोखच केले होते. या दोघांची गाठ कधी पडली नाही, एवढेच. परिणाम असा, की शाळेतील सर्व यंत्रांची अंगे ज्या तारेने एकत्र बांधली होती, ती तार जमिनीत जाण्याऐवजी अंगणातल्या नळापाशी येऊन थांबत होती. रक्षणासाठी बांधलेली तार पंपाच्या अंगावरची वीज थेट मुलांच्या हातापर्यंत आणून पोचवीत होती.

आम्ही कपाटातून फाइल काढली. नळकामाच्या कागदावर 'काम समाधानकारक' असा शेरा होता. खाली सही आमची. नंतरच्या तीन वार्षिक तक्त्यांत 'विद्युत्‌ जोडणी सुरक्षित आहे काय?' या रकान्यात 'होय' असे लिहिलेले होते. अक्षर आमचे, सहीही आमची. पाणी छान येत होते, दिवे लागत होते, पंखे फिरत होते. आम्ही आणखी काय पाहावयाचे?

पाहावयाचे काय, हे आम्ही त्यानंतर शिकलो. आमच्या विज्ञानशिक्षकांनी आणि त्या वायरमननी मिळून आमची शिकवणी घेतली. ती थोडक्यात सांगतो.

वीज जमिनीत मुरून जाते, असा आपला सर्वांचा समज असतो. तो खरा नाही. वीज जेथून निघाली तेथे परत जाऊ पाहते. आपल्या घरी ती गल्लीच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरमधून येते: फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. ट्रान्सफॉर्मरपाशी ती न्यूट्रल तार जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे जमीन ही परतीची आणखी एक वाट होते. जमिनीच्या या गुणाचा शोध जुना आहे. १८३८ साली म्युनिकचे कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल तारायंत्रावर प्रयोग करीत असताना त्यांना आढळले, की परतीसाठी दुसरी तार ओढण्याचे कारण नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की जमीनच दुसऱ्या तारेचे काम करते. तारायंत्राचा खर्च या शोधाने निम्म्यावर आला असेल. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस वीज लागलेल्या नळाला हात लावतो, तेव्हा त्याच वाटेवरचा तो एक तुकडा होऊन बसतो.

त्या तुकड्याला सोसते किती? अमेरिकेतील बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजले. सुमारे १६ मिलिअँपिअर प्रवाह गेला, की सरासरी पुरुषाचा हात आखडतो आणि धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा साडेदहा. मुलांसाठी तो आणखी खाली धरतात. याचा अदमास यावा म्हणून सांगतो: देवघरात जो १५ वॅटचा बारीक बल्ब लावीत असत आणि ज्याला आपण उगाचच 'झिरोचा दिवा' म्हणत असू, त्यातून ६५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्या मिणमिणत्या दिव्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी वीज धडधाकट माणसाला खिळवून ठेवण्यास पुरते. आमच्या नळावरच्या मुंग्या त्या आकड्याच्या किती जवळ होत्या, याचा विचार आम्ही फार वेळ करू शकत नाही.

आता अर्थिंगची तार काय करते? ती यंत्राच्या धातूच्या अंगाला परतीची एक रुंद वाट अगोदरच काढून ठेवते. वीज अंगावर उतरली, की ती माणसाची वाट न पाहता त्या तारेने जोरात धावते, आणि त्या जोरामुळेच फ्यूज जळतो किंवा बोर्डातील ब्रेकर खाली पडतो. म्हणजे तार नुसती वीज वाहून नेत नाही, ती वर्दीही देते. तिच्या जोडीला दुसरे काम असते, त्याला वायरमन 'बाँडिंग' म्हणतात. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. माणसाचा एक हात गीझरवर आणि दुसरा नळावर असेल, तर त्या दोहोंतही दाबाचा फरक असता कामा नये. म्हणून नळ्या, गीझरचे अंग, पंप, लोखंडी चौकटी, जे जे धातूचे आणि हाताच्या टप्प्यात, ते ते एकमेकांशी तारेने बांधून मग एकत्रच जमिनीशी बांधावयाचे. आमच्या शाळेत बांधणी होती. बांधलेले सगळे ज्याला टेकावयाचे, ती जमीन मात्र निसटली होती.

'खड्डा खणून पाइप पुरला की झाले' असेही नाही, हे आम्हांला आकड्यांनी समजावून देण्यात आले. भारतीय मानक ३०४३ हा अर्थिंगविषयीचा आपल्याकडचा प्रमाण ग्रंथ. तो पहिल्यांदा १९६६ साली निघाला आणि पुढे १९८७ व २०१८ साली सुधारला गेला. पुरावयाचा पाइप कसा असावा, याची मापे त्यात आहेत. परंतु पाइप मापाचा असला तरी भोवतालची जमीन कशी आहे, त्यावर सारे अवलंबून. मुरुमाड जागेत, त्यातही वैशाखात, जमीन सुकून विजेला अडवू लागते. समजा, खड्ड्याचा रोध १० ओहम भरला. २३० व्होल्टला त्यातून फार तर २३ अँपिअर जातील. १६ अँपिअरचा ब्रेकर एवढ्याने तत्काळ पडत नाही. त्याला तासभरसुद्धा लागू शकतो. रोध २० ओहम असेल, तर तो कधीच पडावयाचा नाही, आणि तोवर यंत्राचे अंग जिवंत राहते.

म्हणून आता खड्ड्याच्या जोडीला आणखी एक पहारेकरी ठेवतात. त्याला आरसीसीबी असे लांबलचक नाव आहे. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम आमच्या रोजकीर्दीसारखे आहे. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, याचा तो क्षणोक्षणी ताळा घेतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेने जात आहे असे समजून तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. अशाच एका उपकरणाचा अमेरिकन प्रकार १९६० च्या दशकात त्याच डॅल्झिएल यांनी सिद्ध केला होता. आमच्या शाळेत हा पहारेकरी नव्हता. असता, तर जिवावर बेतण्यापूर्वीच शाळेत अंधार झाला असता आणि आम्ही वायरमनवर चिडलो असतो.

शाळेचे काम झाल्यावर आम्हांला त्या चौथीतल्या मुलीच्या घराची आठवण झाली. तिचे वडील यंत्रमागावर साडी विणतात. वायरमनना घेऊन आम्ही एका संध्याकाळी तेथे गेलो. घर स्वच्छ, माग तेलपाणी केलेला. मोटारीला फेजच्या तारा नीट आल्या होत्या; अर्थिंगचा स्क्रू मात्र कोराच होता. तीन फेजच्या मोटारीच्या अंगाला एक नव्हे, दोन स्वतंत्र तारांनी अर्थिंग द्यावे, असे १९५६ च्या वीज नियमांतच सांगितले होते आणि नंतरच्या नियमांतही ते कायम आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात किती घरांत पाणी शिरले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा पाण्यात उभे राहून कोणी तो माग चालू केला तर काय होईल, हे वायरमननी त्यांना कन्नडमध्ये आणि आम्ही मराठीत सांगितले.

विणकर थोडा वेळ मागाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ताण्यातला एक धागा तुटला तर कापड लगेच सांगतंय. ही तार तुटली तर कोण सांगणार हो?"

आम्ही एवढी शिकवणी घेतली होती, पण विषयाचा गाभा आम्हांला त्या वाक्यात मिळाला. फेजची तार तुटली तर दिवा विझतो. न्यूट्रलची तुटली तरी विझतो. अर्थिंगची तार तुटली तर घरात काहीच होत नाही. दिवा तसाच जळतो, माग तसाच चालतो, तक्त्यावर सहीही तशीच होते. घरातील तारांपैकी ही एकटीच अशी, की नसली तरी तिची उणीव भासत नाही. आणि भासते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तिची चौकशी आपण होऊन करावी लागते.

आमचे बहुतेक वाचक इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बंगळूरपर्यंत पसरलेल्या घरांत राहतात. कित्येकांचे वाडे जुने आहेत आणि त्यांतील लोखंडी नळ्या एव्हाना बदलल्या गेल्या असतील. त्यांना आमची विनंती आहे, की आपल्या घरातील हिरवी तार कोठे जाते, हे जाणकार वायरमनला बरोबर घेऊन एकदा पाहावे. ती नळीला बांधलेली असेल, तर ती नळी पुढे कशाची आहे ते विचारावे. खड्ड्याला असेल, तर तो शेवटचा कधी तपासला ते विचारावे. नुसता फेज आणि अर्थिंग यांमध्ये बल्ब लावून तो पेटला, की 'अर्थिंग उत्तम' असे सांगण्याची पद्धत आहे. तिच्यावर विसंबू नये. १०० वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी विजेवर पूर्ण पेटतो, आणि फ्यूज जाण्यास त्याच्या कितीतरी पट लागते. रोध मोजण्याचे यंत्र असते, ते आणण्याचा आग्रह धरावा.

आणखी दोन गोष्टी. काही ठिकाणी खड्ड्याचा खर्च वाचविण्यासाठी प्लगच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतात. हे अत्यंत घातक आहे. न्यूट्रल कोठे तुटली, तर घरातील प्रत्येक यंत्राचे अंग फेजवर येते. तसेच, तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही म्हणून मोडून टाकू नये. ती इतर दोहोंपेक्षा लांब ठेवलेली असते, ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. आरसीसीबी बसविलेला असेल, तर महिन्यातून एकदा त्यावरचे तपासणीचे बटण दाबावे. त्याने तो पहारेकरी जागा आहे एवढे कळते. खड्ड्याची खबर त्यातून मिळत नाही. आणि देव न करो, पण कोणी विजेला चिकटलाच, तर धावत जाऊन त्याला धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो हाती लागत नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे.

आमच्या शाळेच्या मागे आता नवा खड्डा आहे, त्यावर झाकण आहे, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याची पाळी सहावीच्या वर्गाकडे आहे. झाडांना पाणी घालणारी मुले खड्ड्याला पाणी का घालतात, असे पालक विचारतात. तेव्हा मुलेच त्यांना समजावून देतात. विणकरांच्या घरीही मोटारीला दोन तारा लागल्या. पहिल्या दिवशी माग नेहमीसारखाच चालला. काही फरक दिसत नाही, असे ते म्हणाले. दिसावयाचा नाहीच, असे वायरमन म्हणाले.

यंदाच्या जूनमध्ये वार्षिक तक्ता आला, तेव्हा आम्ही तो रकाना रिकामा ठेवून कागद टेबलाच्या खणात टाकला. चार दिवस उलटल्यावर वरून विचारणा झाली. 'माप घेणे बाकी आहे' असे उत्तर पाठविले. पाचव्या दिवशी यंत्र आले, खड्ड्याचा रोध मोजला, तो आकडा रकान्यात लिहिला आणि मग खाली सही केली.

आमच्या खोलीचे दार मधल्या सुटीत उघडे असते. अंगणातल्या नळावर मुले हात धुतात, एकमेकांवर पाणी उडवितात, ओरडा खातात. एखादे मूल दाराशी येऊन काही चावते म्हणाले, तर आम्ही आता अलंकार ओळखीत बसत नाही. आधी उठून मेन स्विच बंद करतो.